गृहकर्जाच्या एजंटाची फी नेमकी कोणी द्यायची?

गृहकर्ज मिळवून देणाऱ्या एजंटांविषयीची पत्रे या सदराकडे सातत्याने येतात आणि बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच ठिकाणी येऊन ठेपते. कर्ज मंजूर झालेले असते, एजंट पैसे मागत असतो आणि दिले नाहीत तर फाईल अडकेल, ही भीती पत्र लिहिणाऱ्याला झोपू देत नसते. या वेळी अशाच पाच पत्रांची उत्तरे देत आहे. नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नीने मिळून एका राष्ट्रीयीकृत बँकेकडे ३२ लाखांच्या गृहकर्जासाठी अर्ज केला. बिल्डरच्या साइट ऑफिसात बसणाऱ्या एजंटाने फाईल तयार केली. सुरुवातीला त्याने ‘लॉगिन फी’ म्हणून ५,००० रुपये स्वतःच्या यूपीआयवर घेतले. आता सँक्शन लेटर हातात आले आहे आणि चेक निघण्यापूर्वी तो कर्जाच्या दीड टक्का, म्हणजे ४८,००० रुपये, रोख मागत आहे. ‘वरपर्यंत द्यावे लागतात, नाहीतर फाईल पेंडिंग पडेल,’ असे तो म्हणतो. बिल्डरचा हप्ता पंधरा दिवसांत भरायचा आहे. पैसे द्यावेत का? (नाशिक)

उत्तर : देऊ नयेत. कारण समजून घेतले, तर त्या माणसाशी बोलताना आपला आवाज कापणार नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

बँकेने नेमलेला एजंट, ज्याला बँकेच्या भाषेत डीएसए म्हणतात, हा बँकेसाठी ग्राहक आणण्याचे काम करतो आणि त्या कामाचे कमिशन त्याला बँक देते. हे कमिशन सामान्यतः कर्जाची रक्कम प्रत्यक्ष वितरित झाल्यानंतरच निघते. म्हणजे आपली फाईल अडली, तर आपल्याइतकेच त्याचेही नुकसान आहे, ही गोष्ट तो आपल्याला सांगत नाही. शिवाय सँक्शन लेटर हा बँक आणि आपण यांच्यातील व्यवहार आहे. त्यानंतर चेक निघण्यासाठी लागतात त्या गोष्टी ठरलेल्या असतात : नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स-२, आपल्या वाट्याची रक्कम भरल्याच्या पावत्या, बिल्डरचे डिमांड लेटर, वकिलाचा टायटल रिपोर्ट, व्हॅल्युएशन आणि कर्जाच्या दस्तांवरील सह्या. या यादीत एजंटाची संमती कुठेही नाही.

आता आपल्या हातातले सर्वांत भक्कम कागद कोणते, ते पाहू. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एका ठिकाणी सांगणारे विवरणपत्र, देणे बँकांवर आणि गृहवित्त कंपन्यांवर बंधनकारक झाले आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. आपल्या कागदांत ते शोधा आणि शुल्कांचा तक्ता काढा. त्यात दोन रकाने दिसतील : एक बँकेला द्यायच्या रकमांचा आणि दुसरा बँकेमार्फत त्रयस्थांना द्यायच्या रकमांचा. प्रोसेसिंग फी, विमा, व्हॅल्युएशन हे सारे तिथे आकड्यांत लिहिलेले असते. समजा प्रोसेसिंग फी अर्धा टक्का असेल, तर ३२ लाखांवर १६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २,८८० मिळून १८,८८० रुपये होतात आणि ते त्या तक्त्यात असायला हवेत. त्या तक्त्यात नसलेले कोणतेही शुल्क बँकेला कर्जाच्या संपूर्ण मुदतीत आपल्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. जे शुल्क खुद्द बँक आकारू शकत नाही, ते बँकेचा माणूस बँकेच्या नावाने साइट ऑफिसात रोख घेऊ शकत नाही, इतकी ही सरळ गोष्ट आहे. आपले ४८,००० त्या तक्त्यात नाहीत आणि ५,००० रुपयांची ‘लॉगिन फी’ही बहुधा नसणार.

इंडियन बँक्स असोसिएशनने डीएसएंसाठी तयार केलेल्या नमुना आचारसंहितेतही ग्राहकाकडून भेटवस्तू किंवा लाच घेण्यास मनाई आहे. आणि एजंटाकडे काम सोपवले म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २००६ च्या मार्गदर्शक सूचनांपासून स्पष्ट करून ठेवले आहे. व्हिजिटिंग कार्डावर बँकेचे बोधचिन्ह चालते, बिल्डरच्या ऑफिसात बँकेच्या नावाची पाटी लावून बसलेले चालते आणि तक्रार आली की ‘तो आमचा कर्मचारी नाही’, ही भूमिका मला तरी मान्य होण्यासारखी वाटत नाही आणि कायद्यालाही ती मान्य नाही.

‘वरपर्यंत द्यावे लागतात’ हे वाक्य मात्र वेगळे आणि गंभीर आहे. राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक असतो. भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हादेखील स्वतंत्र गुन्हा आहे. अपवाद फक्त ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याचा, आणि तोही त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तरच. त्यामुळे ‘देऊन मोकळे होऊ’ हा मार्ग वाटतो तितका मोकळा नाही. एजंट खरे बोलत असेल, तर आपण लाच देत आहात. तो खोटे बोलत असेल, तर आपण फसवले जात आहात. प्रत्येक राष्ट्रीयीकृत बँकेत मुख्य दक्षता अधिकारी असतो. हे वाक्य जसे उच्चारले गेले तसे, तारीख आणि वेळेसह, त्यांना लिहून कळवावे.

आपल्याकडे पंधरा दिवस आहेत, म्हणून आजच शाखा व्यवस्थापकांना ईमेल करावा आणि त्याची छापील प्रत शाखेत देऊन पोच घ्यावी. मजकूर छोटा असला तरी चालेल. उदाहरणार्थ : ‘माझे गृहकर्ज अमुक तारखेच्या पत्राने मंजूर झाले आहे. आपल्या बँकेच्या वतीने माझी फाईल हाताळणाऱ्या व्यक्तीने माझ्याकडून अमुक तारखेला ५,००० रुपये स्वतःच्या खात्यावर घेतले असून आता ४८,००० रुपयांची रोख मागणी केली आहे. या रकमा की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नाहीत. ही व्यक्ती आपली अधिकृत एजंट आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे, घेतलेली रक्कम परत मिळवून द्यावी आणि वितरणासाठी माझ्याकडून आणखी कोणते कागद अपेक्षित आहेत, त्याची यादी द्यावी. यापुढील सर्व व्यवहार मी थेट शाखेशी करीन.’ यातील शेवटची दोन वाक्ये विसरू नयेत. कागदांची यादी लेखी मिळाली की ‘फाईल पेंडिंग’ या शब्दांतली सगळी भीती निघून जाते, कारण पेंडिंग नेमके काय आहे ते आपल्याला दिसते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विलंब न लावता तक्रार करता येते. ती रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करायची असते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास तक्रार परत येते, म्हणून वरचा ईमेल जपून ठेवावा.

प्रश्न : माझा सिबिल स्कोअर कमी असल्यामुळे मी स्वतःहून एका ‘लोन कन्सल्टंट’कडे गेलो. त्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार करून घेतला. कर्ज मंजूर झाल्यावर दोन टक्के फी द्यायची, असे त्यात लिहिले आहे. सोबत तीन कोरे सही केलेले चेक आणि घराचे मूळ खरेदीखतही त्याच्याकडे आहे. आता समजते की ज्या बँकेत त्याने फाईल टाकली, तिचा तो डीएसए आहे. मी फी देण्यास बांधील आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : आपली बाजू नाशिकच्या वाचकांइतकी सोपी नाही, हे आधीच सांगतो, कारण खोटा दिलासा देऊन उपयोग नाही.

घर विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, विमा एजंटाला विमा कंपनीची रीतसर नियुक्ती लागते. कर्ज जुळवून देणाऱ्या सल्लागारासाठी मात्र आपल्याकडे तसा स्वतंत्र परवाना-कायदा नाही. म्हणून एखाद्याने स्वतंत्रपणे सल्ला दिला, कागदपत्रे नीट करून दिली, चार बँकांचे दर तपासले आणि त्याची फी आधी लेखी ठरवली, तर तो करार केवळ फीमुळे बेकायदा ठरत नाही. अशी मेहनत करणारी माणसे आहेत आणि विवरणपत्रे विस्कळीत असलेल्या छोट्या व्यावसायिकांना त्यांचा उपयोगही होतो.

आपल्या प्रकरणात निर्णायक ठरेल तो मुद्दा दुसराच आहे. तो आपला सल्लागार म्हणून फी मागत आहे आणि त्याच कर्जावर बँकेकडून कमिशनही घेणार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे एजंटाने आपल्या मालकापासून, म्हणजे ज्याने त्याला नेमले त्याच्यापासून, दडवून त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा करून घेतला, तर मालक त्या फायद्याचा हिशेब मागू शकतो. बँकेचे कमिशन मिळणार आहे, हे त्याने करार करताना आपल्याला सांगितले होते का? सांगितले नसेल, तर त्याने आपल्यापासून महत्त्वाची गोष्ट लपवली, असे आपण लेखी म्हणू शकता आणि दोन टक्क्यांची मागणी नाकारू शकता. याच मुद्द्यावर बँकेलाही लिहावे, कारण आपला डीएसए ग्राहकांशी स्टॅम्पपेपरवर करार करून वेगळी फी घेतो, हे कोणत्याही बँकेला अडचणीचे आहे.

मूळ खरेदीखताबाबत सावध राहा. एजंटाला त्याची देणी मिळेपर्यंत मालकाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम २२१ मध्ये आहे. जो निव्वळ बँकेचा एजंट असतो, त्याचा मालक बँक असल्यामुळे तो कर्जदाराच्या कागदांवर हा अधिकार सांगू शकत नाही. आपण मात्र त्याला स्वतः करार करून नेमले आहे, त्यामुळे तो या कलमाचा आधार घेण्याचा प्रयत्न करील. त्यावर आपले उत्तर असे की कागद बँकेत जमा करण्यासाठी दिले होते आणि फी मुळातच वादग्रस्त आहे. कर्ज पुढे न्यायचे असेल, तर बँकेच्या अधिकाऱ्यांसमक्ष तो कागद थेट बँकेत जमा करून घ्यावा आणि जमा कागदांची यादी बँकेच्या सही-शिक्क्यासह मागून घ्यावी. यापुढे मूळ दस्त कोणाच्याही बॅगेत जाऊ देऊ नये. दाखवायला झेरॉक्स पुरते.

कोऱ्या चेकांचे काम आजच करावे. आपल्या बँकेत चेक क्रमांक देऊन ‘स्टॉप पेमेंट’ नोंदवावे आणि त्या व्यक्तीला रजिस्टर्ड पोस्टाने कळवावे की हे चेक अमुक तारखेला कोरे दिले होते, त्यापोटी कोणतेही देणे निघत नाही, ते परत करावेत. एवढ्याने तो चेक वटवायचा प्रयत्न करणार नाही असे नाही. चेक परत गेला आणि त्याची नोटीस आली, तर ती बाजूला टाकू नये, कारण पंधरा दिवसांत रक्कम न भरल्यास तो चेक न वटण्याविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली न्यायालयात जाऊ शकतो आणि तिथे चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय प्रथमदर्शनी गृहीत धरते. ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि आज पाठवलेले पत्र हाच त्या वेळी आपला पहिला पुरावा असेल. नोटीस येताच वकील गाठावा.

आणि सिबिलबद्दल : अहवालातील चूक दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत. चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. त्यातील चुकीबद्दलची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. खरी थकबाकी असेल, तर ती कोणताही सल्लागार पुसू शकत नाही.

प्रश्न : कर्ज नामंजूर झाले. एजंट म्हणतो फी परत मिळत नाही. कारणही कोणी सांगत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नामंजुरीचे कारण लेखी मिळणे हा आपला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेत तो आला आणि पुढे सर्व रकमांच्या कर्जांना लागू झाला. अर्ज नामंजूर झाल्यास कोणती फी किती परत मिळेल, हेही अर्जाच्या नमुन्यातच सांगितलेले असले पाहिजे. म्हणून बँकेकडे दोनच गोष्टी मागाव्यात : नामंजुरीचे लेखी कारण आणि भरलेल्या फीची बँकेची पावती. पावती बँकेची निघाली, तर परताव्याचा प्रश्न अर्जातील अटीप्रमाणे सुटेल. बँकेकडे पावतीच नसेल, तर ती रक्कम एजंटाने स्वतःकडे ठेवली, हे उघड होईल आणि मग ती त्याच्याकडून व बँकेकडूनही मागता येईल. कदाचित त्याने फाईल बँकेत दिलीच नसेल. अशी उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत आणि तेव्हा प्रश्न परताव्याचा न राहता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीचा होतो.

प्रश्न : माझे पती वारल्यानंतर मी घराच्या उरलेल्या बांधकामासाठी एका गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेतले. एजंटाने ‘फाईलचा खर्च’ म्हणून दोन वेळा मिळून ६०,००० रुपये रोख घेतले. या गोष्टीला आता चौदा महिने झाले. पावती नाही. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे ‘आज ३० मिळाले, बाकीचे सोमवारी’ असे मेसेज आहेत. आता काही होऊ शकते का? (रत्नागिरी)

उत्तर : ताई, होऊ शकते, आणि तो मेसेज आपण समजता त्यापेक्षा बराच मोलाचा आहे.

पैसे रोख गेले आणि पावती नाही, म्हणून पुरावा नाही, असे नसते. ‘आज ३० मिळाले’ ही घेणाऱ्याने स्वतः दिलेली कबुली आहे. तो संवाद पुसू नये, फोन बदलू नये आणि बदलणे भाग पडले, तरी जुना फोन तसाच ठेवावा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा डिजिटल पुरावा प्रमाणपत्रासह सादर करावा लागतो आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपे जाते. त्या दोन दिवशी किंवा आदल्या दिवशी आपण बँकेतून रक्कम काढली असेल, सोने गहाण ठेवले असेल, भावाकडून उसने घेतले असतील, तर पासबुकातील ती नोंद, गहाणाची पावती किंवा भावाचे निवेदन त्या मेसेजशी जोडावे. मेसेजची तारीख आणि पासबुकाची तारीख शेजारीशेजारी ठेवली की गोष्ट पुष्कळशी स्वतःच बोलू लागते.

‘तो आमचा माणूस नाही’ या उत्तराला लेखी प्रश्न विचारावेत. माझी फाईल आपल्याकडे कोणाच्या नावाने, कोणत्या डीएसए कोडने आली? माझ्या कर्जावर कमिशन कोणाला दिले गेले? कंपनीच्या संगणकात या दोन्ही नोंदी सहसा असतात. कमिशन त्याला किंवा त्याच्या संस्थेला गेले असेल, तर तो एजंट होता, हे सिद्ध करायला आणखी फारसे काही लागत नाही. करार कायद्याच्या कलम २३७ आणि २३८ प्रमाणे, हा माणूस आपल्या वतीने वागतो असा समज ज्या कंपनीने लोकांमध्ये होऊ दिला, तिला त्याच्या वागण्याची जबाबदारी सहजी झटकता येत नाही. कंपनीच्या माणसासोबत तो आपल्या घरी साइट पाहायला आला होता का, कर्जाच्या कागदांवर सह्या त्याच्यासमोर झाल्या का, कंपनीच्या ऑफिसात त्याला टेबल होते का, हे आठवून तारखांसह लिहून काढावे.

गृहवित्त कंपनीची तक्रार कुठे करायची, याबाबत पुष्कळ घोळ होतो. या कंपन्यांचे नियमन २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडे आले असले, तरी ग्राहकांच्या तक्रारी राष्ट्रीय आवास बँकेकडे जातात. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे आणि समाधान न झाल्यास आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. (कर्ज पतसंस्थेचे असते, तर ही दोन्ही दारे बंद असती आणि सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जावे लागले असते.)

याशिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, म्हणजे आपल्याकडे साधारण दहा महिने आहेत आणि ते पत्रव्यवहारात संपू देऊ नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय केली आहे, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले, तरी आपल्याला रत्नागिरीबाहेर जावे लागणार नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केलेली बरी.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती फार थोड्या स्त्रियांना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिथे मेसेजची छापील प्रत, कर्जाची कागदपत्रे आणि पासबुक घेऊन जावे आणि अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

प्रश्न : कर्ज मिळाल्यावर एजंटाने ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’साठी ठोक रक्कम मागितली आहे. हा खर्च खरा आहे का? (ठाणे)

उत्तर : खर्च खरा आहे, ठोक रक्कम खरी असेलच असे नाही. महाराष्ट्रात मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज घेतल्यास तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे तशी सूचना दाखल करावी लागते आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क व फायलिंगचा खर्च सरकारला भरावा लागतो. ही रक्कम शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीतून भरली जाते आणि चलनावर भरणाऱ्याचे नाव, रक्कम व जीआरएन क्रमांक छापलेला असतो. म्हणून एजंटाला रोख देण्याऐवजी चलन आपल्या नावाने काढून घ्यावे आणि पैसे ऑनलाइन स्वतः भरावेत. चलनावरील रकमेपेक्षा जास्त मागणी झाली, तर वरची रक्कम कशाची, ते पावतीवर लिहून मागावे. नोटीस दाखल झाल्याची पोच घेतल्याशिवाय मात्र हा विषय सोडू नये, कारण तीस दिवसांची मुदत पाळण्याची जबाबदारी एजंटावर नसून कर्जदारावर आहे.